शंकेखोरांची थट्टा करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत नव्याने बाजारात आलेल्या एका स्मार्टफोनविषयीचा सविस्तर वृत्तान्त वाचला. दुकान उघडण्यापूर्वीच रांग लावलेल्या ग्राहकांच्या प्रतिक्रिया त्यात आहेत आणि ‘एवढ्या पैशांत यात नवे ते काय?’ असे विचारणाऱ्यांचीही दखल आहे. मात्र ती घेताना लेखकाने या मंडळींना २००७ सालच्या आयफोनची आठवण करून दिली आहे आणि तेव्हा नाके मुरडणारे कसे तोंडघशी पडले, एवढे सांगून त्यांना निकालात काढले आहे. प्रत्येक नव्या फोनच्या वेळी हाच दाखला दिला जातो. ज्या घटनेचा तो आहे ती घटना मुळातून तपासली, तर शंका घेणाऱ्यांनी त्या वर्षी त्या फोनवर घेतलेले बहुतेक आक्षेप बरोबर होते आणि त्यांतील बरेचसे उत्पादकाने पुढच्या दोन-तीन वर्षांत निमूटपणे दूर केले, असे दिसते. सारी नोकरी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेल्यामुळे या दाखल्याचा सरसकट वापर मला खटकतो, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी लिहीत आहे.

अ‍ॅपल या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन जगाला दाखवला आणि २९ जून रोजी संध्याकाळी सहा वाजता तो अमेरिकेत विक्रीला आला. चार गिगाबाइटचा फोन ४९९ डॉलरना, आठ गिगाबाइटचा ५९९ डॉलरना, आणि वर एटी अँड टी या एकाच दूरसंचार कंपनीशी दोन वर्षांचा करार. त्या काळी अमेरिकेत असा करार केला की कंपनी बरासा फोन स्वस्तात किंवा फुकट देत असे. इथे करारही करायचा आणि फोनचे पूर्ण पैसेही मोजायचे, असा मामला होता. त्याच वर्षी त्याच्या आधी बाजारात आलेल्या नोकियाच्या एन-९५ मध्ये थ्रीजी (म्हणजे तेव्हाचे वेगवान मोबाइल इंटरनेट), जीपीएस, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि चित्रफीत काढण्याची सोय होती. आयफोनमध्ये यांपैकी काही नव्हते. वायफाय नसेल तेथे इंटरनेट ‘एज’ या जुन्या मोबाइल जोडणीच्या संथ गतीने चाले, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा आणि बिनफ्लॅशचा होता, चित्रफीत काढता येत नव्हती, एमएमएस (छायाचित्रासह निरोप) जात नव्हता, साधे कॉपी-पेस्ट नव्हते आणि बाहेरच्या कोणी तयार केलेले अ‍ॅप त्यात घालता येत नव्हते. हेडफोनची खोबण तर इतकी आत घेतलेली होती की बाजारातले कित्येक हेडफोन तिच्यात बसतच नसत.

तेव्हा ‘याच्यापेक्षा जास्त कामे माझा जुना फोन करतो’ असे २००७ च्या जुलैत म्हणणारा माणूस शब्दशः खरे बोलत होता. त्याच वेळी, पहिल्या दिवशी तो फोन विकत घेऊन ‘असा फोन मी आजवर हाताळलाच नव्हता’ असे सांगणारा माणूसही खोटे बोलत नव्हता. बोट फिरवताच यादी सरकते, दोन बोटे फाकवली की छायाचित्र मोठे होते, संगणकावर दिसते तसेच संकेतस्थळाचे पूर्ण पान हातातल्या साडेतीन इंची पडद्यावर उघडते, या गोष्टी त्याआधीच्या कोणत्याही फोनमध्ये इतक्या सहजपणे होत नव्हत्या. एकजण सोयींची यादी मोजत होता आणि दुसरा वापरण्याचा अनुभव सांगत होता. दोघांची साक्ष आपापल्या जागी ग्राह्य होती. मात्र तिचा निकाल लावताना आपण पुढे काय झाले ते ठाऊक असल्याचा फायदा घेतो आणि सगळे गुण दुसऱ्याच्या पदरात टाकतो.

जो आयफोन पुढे जगभर पसरला तो हा पहिला आयफोन नव्हेच. २००७ सालचे ते मॉडेल बाजारातून जाईपर्यंत एकूण सुमारे ६१ लाखांच्या घरात विकले गेले. एकट्या नोकियाने त्या वर्षी विकलेल्या सर्व प्रकारच्या फोनची संख्या ४३ कोटींवर होती. थ्रीजी, जीपीएस आणि बाहेरच्यांनी बनवलेली अ‍ॅप्स २००८ च्या जुलैत आली. हेडफोनची खोबण त्याच वेळी वर आली. कॉपी-पेस्ट, एमएमएस आणि चित्रफीत काढण्याची सोय यांना २००९ चा जून उजाडला, आणि कॅमेऱ्याला फ्लॅश मिळाला तो २०१० मध्ये. अ‍ॅपचा इतिहास तर मुद्दाम आठवावा असा आहे. विक्री सुरू होण्यापूर्वी काही दिवस, जून २००७ मध्ये, जॉब्ज यांनी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सांगितले होते की ब्राउझरमध्ये चालणारी अ‍ॅप्स बनवा, तेवढे पुरेसे आहे. टीका झाली, हौशी मंडळींनी फोनचे कुलूप, म्हणजे कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये घातलेली बंधने, तोडून आपापली अ‍ॅप्स घालायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने धोरण बदलल्याचे जाहीर केले. ज्या अ‍ॅप-बाजारामुळे आज हा फोन ओळखला जातो, तो सुरुवातीच्या योजनेत नव्हता. तो नाही म्हणून ज्यांनी नापसंती दाखवली त्यांना आपण ‘दूरदृष्टी नसलेले’ म्हणतो, हे विनोदी आहे.

या कथेतला ठरलेला खलनायक म्हणजे मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर. जानेवारीत एका मुलाखतीत ते या फोनच्या किमतीला मनमुराद हसले आणि एप्रिलअखेर दुसऱ्या एका मुलाखतीत त्यांनी आयफोनला बाजारात लक्षणीय वाटा मिळण्याची मुळीच शक्यता नसल्याचे सांगितले. ते हसू आजही फिरत असते. भविष्याविषयी ते चुकले, यात वाद नाही. पण ते कशाला हसले होते? करारासह ५०० डॉलर म्हणजे हा जगातला सर्वांत महाग फोन, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ही किंमत टिकली नाही. ५ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे विक्री सुरू झाल्यापासून जेमतेम सव्वादोन महिन्यांत, आठ गिगाबाइटचा फोन ३९९ डॉलरवर आला आणि चार गिगाबाइटचा बंदच झाला. पुढच्या वर्षीचा थ्रीजी फोन अमेरिकेत १९९ डॉलरना मिळू लागला, कारण उरलेली रक्कम दूरसंचार कंपनी भरून ती ग्राहकाच्या मासिक बिलातून वसूल करू लागली. २०१६ मध्ये बाल्मर यांनी स्वतःच सांगितले की फोनची किंमत मासिक बिलात मुरवण्याची ही युक्ती आपल्याला सुचायला हवी होती. त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता. प्रतिस्पर्धी तो आक्षेप इतक्या लवकर दूर करील, हे त्यांना दिसले नाही. या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे.

किंमत उतरली तेव्हा खरा फटका बसला तो रांगेत उभ्या राहिलेल्या पहिल्या ग्राहकांना. त्यांच्या संतापाची पत्रे कंपनीकडे इतकी गेली की दुसऱ्याच दिवशी जॉब्ज यांना जाहीर पत्र लिहून प्रत्येकी १०० डॉलरची भरपाई द्यावी लागली, तीही रोख नव्हे, तर कंपनीच्याच दुकानात खर्च करण्यापुरती. त्याआधी पहिल्याच आठवड्यात, नवा फोन हातात असूनही एटी अँड टीकडून तो सुरू होण्यासाठी कित्येकांना तासन् तास, काहींना त्याहूनही अधिक वाट पाहावी लागली होती. ऑगस्टमध्ये एका तरुणीच्या घरी तीनशे पानांचे बिल चक्क खोक्यातून आले. प्रत्येक लहानसहान डेटा-व्यवहाराची स्वतंत्र नोंद त्यात छापली होती. (कागदाच्या त्या नासाडीवर इतका बोभाटा झाला की कंपनीला तपशीलवार बिलांची पद्धतच बदलावी लागली.) सप्टेंबरच्या अखेरीस आलेल्या सॉफ्टवेअर-अद्ययावतीकरणाने कुलूप तोडलेले फोन निकामी केले. भारतात तोवर आयफोन अधिकृतपणे आलाच नव्हता. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेले किंवा मुंबईत हिरा पन्ना आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मिळणारे फोन असे कुलूप तोडल्याशिवाय इथल्या सिमवर चालतच नसत, त्यामुळे हा धोका आपल्याकडच्या हौशी मंडळींच्याही डोक्यावर होता. ‘जरा थांबा, पहिल्या खेपेचा माल घेऊ नका’ हा शंकेखोरांचा सल्ला ज्यांनी ऐकला, त्यांचे २०० डॉलर तरी वाचले.

या साऱ्या आक्षेपांत एक असा आहे की त्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, आणि तो बॅटरीचा. मागचे झाकण काढून बॅटरी बदलायची, ही २००७ पर्यंत कोणत्याही फोनधारकाला ठाऊक असलेली गोष्ट होती. आपल्याकडे तर फोन पाण्यात पडला की आधी बॅटरी काढायची, ही घराघरातली पहिली कृती असे. आयफोनची बॅटरी आत बंदिस्त होती. ती बदलायची तर फोन कंपनीकडे पाठवायचा, काही दिवस फोनशिवाय काढायचे आणि ७९ डॉलर अधिक टपालखर्च द्यायचा. हा खर्च विक्री सुरू झाल्यानंतर उघड झाला तेव्हा अमेरिकेतल्या एका ग्राहक संघटनेने त्यावर तक्रार केली. उत्साही मंडळींचे उत्तर ठरलेले होते: बॅटरी मरेपर्यंत तुम्ही नवा फोन घेतलेला असाल. हे उत्तर विनोद म्हणून ठीक होते; दुर्दैवाने पुढे सगळ्या उद्योगाने ते धोरण म्हणून स्वीकारले.

डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की जुन्या, क्षीण झालेल्या बॅटऱ्यांवर चालणारे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरच्या साहाय्याने त्यांचा वेग कमी केला जात होता. तांत्रिकदृष्ट्या त्या निर्णयाला आधार होता. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळते आणि फोन बंद होतो; तेव्हा मागणीच कमी करायची, हा उपाय कोणत्याही अभियंत्याला सुचेल. पण ज्या ग्राहकाचा फोन मंदावला त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. आपला फोन जुना झाला असे समजून त्याने नवा घेतला असेल, तर केवळ नव्या बॅटरीने जे काम भागले असते त्यासाठी त्याने हजारो रुपये मोजले. गदारोळ झाल्यावर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर २०१८ या वर्षापुरता ७९ वरून २९ डॉलरवर आणि भारतात ६,५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर आणला. ७९ हा तोच आकडा होता, ज्याच्यावर दहा वर्षांपूर्वी आक्षेप घेतला गेला होता. आता युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमांनुसार, काही अपवाद वगळता, २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देणे उत्पादकांना भाग पडणार आहे. पहिल्या महिन्यात उपस्थित केलेली आणि तेव्हा ‘कुरकुर’ ठरलेली शंका वीस वर्षांनी कायद्यात उतरते, याला तोंडघशी पडणे म्हणत नाहीत.

भारतापुरते बोलायचे तर शंका घेणाऱ्यांची बाजू अधिकच भक्कम होती. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन या कंपन्यांनी इथे आयफोन थ्रीजी आणला, आठ गिगाबाइटचा ३१,००० रुपयांना आणि सोळा गिगाबाइटचा ३६,१०० रुपयांना. एवढे पैसे भरूनही फोन त्या त्या कंपनीच्याच सिमला बांधलेला. आणि ज्या थ्रीजीचे नाव त्याच्या पाठीशी लावले होते ती थ्रीजी सेवा त्या दिवशी देशात कोणाकडेच नव्हती. एमटीएनएल या सरकारी कंपनीने ती त्या वर्षाच्या अखेरीस दिल्लीत सुरू केली, त्यासाठी लागणाऱ्या रेडिओलहरींचा (स्पेक्ट्रमचा) लिलाव २०१० मध्ये झाला आणि खासगी कंपन्यांची सेवा त्या वर्षाच्या शेवटी मिळू लागली. ‘ज्याचे जाळेच नाही त्याचे पैसे का द्यायचे?’ या प्रश्नाला तेव्हा कोणाकडेही समाधानकारक उत्तर नव्हते. मात्र त्या काळात शंकेखोरांनी एक चुकीचा हिशेबही पुष्कळ वापरला, तोही नोंदवला पाहिजे. अमेरिकेत १९९ डॉलर, म्हणजे साधारण साडेआठ हजार रुपयांना मिळणारा फोन आपल्याला ३१ हजारांना विकतात, ही लूट आहे, असे जो तो म्हणत होता. अमेरिकेतल्या ग्राहकाला त्या १९९ डॉलरखेरीज दोन वर्षे दरमहा किमान ७० डॉलरचे बिल भरण्याचा करार करावा लागत असे. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक प्रीपेडवर होते आणि बिलातून वसुली करण्याची ती पद्धत इथे रुजलेलीच नव्हती, म्हणून खरी किंमत एकदम समोर दिसली, एवढाच फरक होता.

शंकेखोरांची सर्वांत मोठी चूक कीबोर्डच्या बाबतीत झाली. काचेवर टाइप करता येणार नाही, बोटाला बटण लागलेच पाहिजे, असे बटणांचा कीबोर्ड असलेला ब्लॅकबेरी फोन वापरणारा जो तो ठामपणे सांगे. इथे पहिले ग्राहक बरोबर ठरले. काही दिवसांत बोटे सरावतात, हा त्यांचा अनुभव होता. पण मराठी वाचकाला ज्याचे महत्त्व सर्वाधिक, ती गोष्ट मात्र दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याच बोलण्यात नव्हती. छापील बटणांच्या फोनवर देवनागरीची मुळाक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे बसवायची म्हणजे एकेका बटणावर चार-पाच अक्षरे कोंबायची आणि हव्या त्या अक्षरासाठी बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायचे. म्हणूनच एवढी वर्षे आपण रोमन लिपीत मराठी लिहिण्याची कसरत करत होतो. काचेच्या पडद्यावरच्या कळा छापलेल्या नसतात, त्यामुळे एकाच फोनवर कोणत्याही लिपीचा कळफलक उघडता येतो. आज आजीबाई नातवंडांना देवनागरीत निरोप पाठवतात ते याच न छापलेल्या कळांमुळे. अर्थात सोय शक्य होती म्हणून ती लगेच मिळाली, असे झाले नाही. आयफोनमध्ये कंपनीचा स्वतःचा मराठी कळफलक २०१४ मध्ये, आयओएस ८ बरोबर आला. तोपर्यंत सात वर्षे आपल्या पुरवण्यांमधूनही नव्या फोनच्या मेगापिक्सेलची चर्चा होत होती, पण ‘यात मराठी नीट लिहिता येते का?’ हा प्रश्न क्वचितच कोणी विचारत असे. मराठी वृत्तपत्राने तो पहिल्या परिच्छेदात विचारायला हवा होता.

शंका घेणाऱ्यांना हसण्याची सवय लागली की काय होते, याचा एक देशी नमुनाही आपल्यापुढे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडातील रिंगिंग बेल्स या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली आणि नोंदणी सुरू होताच तिचे संकेतस्थळ कोसळले. एवढ्या पैशांत असा फोन विकणे शक्यच नाही, हे मोबाइल उत्पादकांच्या संघटनेने सरकारला कळवले होते. ईशान्य मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनीही या योजनेवर जाहीरपणे संशय व्यक्त केला होता. पत्रकारांना नमुना म्हणून दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाखाली झाकलेले आढळले. तरीही त्या दिवसांत प्रश्न विचारणाऱ्यांना ‘तुम्हाला भारतीय कंपनीचे यश बघवत नाही’ असे ऐकून घ्यावे लागे. पुढच्या वर्षी फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली.

याउलट असेही प्रसंग आहेत की पहिल्या आठवड्यात उत्साही आणि शंकेखोर या दोघांनाही काहीच कळणे शक्य नव्हते. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन १९ ऑगस्ट २०१६ रोजी बाजारात आला तेव्हा परीक्षकांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आणि नाराजांची तक्रार फार तर किमतीविषयी होती. २ सप्टेंबरला बॅटरी पेट घेत असल्यामुळे सुमारे २५ लाख फोन परत मागवावे लागले, बदलून दिलेलेही पेटू लागले, आणि ११ ऑक्टोबरला उत्पादनच थांबले. पहिल्या दिवशी छापलेली कोणतीही प्रतिक्रिया, अनुकूल असो वा प्रतिकूल, इथे ग्राहकाच्या काहीच उपयोगाची नव्हती.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. नव्या फोनच्या पहिल्या दिवसाचा वृत्तान्त जरूर छापावा, त्यात बातमी असते आणि वाचायला गंमतही येते. पण तो छापताना ज्या ग्राहकांशी आपला वार्ताहर बोलला त्यांच्याशी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावे आणि तेवढ्याच जागेत ते उत्तरही छापावे. बॅटरी दिवसभर पुरते का, फोन पडल्यावर पडदा बदलायला किती रुपये लागले, दुरुस्ती आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी होते की फोन मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो, मराठी बोलून टाइप केलेला मजकूर नीट उमटतो का, ईएमआयचे हप्ते संपले का आणि तोवर त्याच फोनची किंमत किती उतरली, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. शंका घेणाऱ्यांच्या बाबतीतही हेच करावे. त्यांनी कोणता मुद्दा काढला होता, त्याचे उत्तर उत्पादकाने दिले की नाही, की पुढच्या मॉडेलमध्ये तो दोष गुपचूप सुधारला, याची नोंद ठेवावी. सोलापूरच्या किंवा रत्नागिरीच्या वाचकाला चाळीस हजारांचा फोन घ्यायचा की वर्षभर थांबायचे, हे ठरवताना या नोंदीचा उपयोग होईल. पुरवणीत ज्या फोनविषयी लिहून आले आहे त्याला सहा महिने पूर्ण होतील तेव्हा असा पहिला वृत्तान्त वाचायला मिळेल, अशी अपेक्षा करतो.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक
(तंत्रनिकेतनातील निवृत्त अध्यापक), ठाणे